नॉर्डविकमधली कॉफी

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो," त्र्यंबकराव फोनवरून म्हणाले. "आणि बसलाच, तर मी उरलेला जन्म चहा पिऊन काढीन."

एडिसनमधली रविवारची दुपार. गिरीश आणि शैलजाच्या घरी जेवणाच्या टेबलावर ओक ट्री रोडवरून आणलेले सामोसे होते आणि केचपच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला होता. टेबलाशी गिरीश, शैलजा, त्यांचा दातांचा डॉक्टर झालेला मुलगा देवांग, आणि मेथीची जुडी निवडत बसलेल्या शोभाताई. शोभाताई म्हणजे त्र्यंबकरावांच्या पत्नी. एरवी दर रविवारी त्र्यंबकराव स्वतः या टेबलाशी बसत आणि मनसोक्त थापा मारत. गेल्या वर्षी त्यांनी परसात शिरलेल्या हरणाला मराठीत दटावून कुंपणाबाहेर काढलं होतं, आणि जाताना ते हरीण म्हणे ओशाळलं होतं. या खेपेला मात्र सहलीवरून शोभाताई एकट्याच परत आल्या होत्या. गुडघा धरला म्हणून त्र्यंबकराव प्लेनोला चंद्रशेखर नावाच्या मित्राकडे थांबलेत, असं दोघांनीही सांगितलं होतं.

"काका, प्लेनोत हवा कशी आहे?" देवांगने विचारलं.

"हवेचं काय घेऊन बसलास? कॉफीचं ऐक."

तर कॉफीचं असं होतं, की या देशात पाऊल ठेवल्यापासून त्र्यंबकराव कॉफीवरून संतापलेले होते. कॉफी म्हणजे दूध आटेपर्यंत उकळलेली, साखर न मागता घातलेली आणि वरून जायफळ किसलेली, अशी त्यांची सरळ समजूत. त्यासाठी कोटाच्या खिशात एक जायफळ आणि बोटाएवढी किसणी घेऊनच ते घराबाहेर पडत. इंटरनेटवर त्यांनी कुठेसं वाचलं, की लेक सुपीरियरच्या काठी नॉर्डविक नावाचं छोटं शहर आहे, नॉर्वेच्या लोकांनी वसवलेलं, आणि कॉफी प्यावी तर तिथेच. बाहेर बर्फ असलं की माणसं आत बसून दुसरं काय करणार, तर कॉफी सुधारणार. हे त्यांना पटलं. सप्टेंबरात ते शोभाताईंना घेऊन मिनेसोटाला निघाले.

नॉर्डविक दिसायला गोड होतं. तांबड्या लाकडी इमारती, उताराचे रस्ते, प्रत्येक रस्त्याच्या टोकाशी ते करड्या रंगाचं, पलीकडचा काठ न दिसणारं पाणी. पण पहिल्याच कॅफेत त्र्यंबकरावांच्या कपाळाची शीर उठली. दूध कसलं हवं, ओटचं की बदामाचं, असं विचारणाऱ्या मुलीला ते म्हणाले, "गाईचं." ती म्हणाली, ते संपलंय. दुसऱ्या कॅफेत कॉफी इतकी आंबट, की शोभाताई म्हणाल्या, "याला वरून हिंग-जिऱ्याची फोडणी दिली तर सार म्हणून खपेल." तिथल्या पोऱ्याने वर ऐकवलं, की आंबटपणा हाच तर गुण आहे, हे इथिओपियातल्या एका टेकडीचं वैशिष्ट्य आहे. तिसरा कॅफे दुपारीच बंद झाला होता आणि आतला माणूस काचेपलीकडून त्यांच्याकडे बघत खुर्च्या टेबलांवर चढवत होता.

"माझ्याकडे बघत," त्र्यंबकराव फोनवर म्हणाले. "म्हणजे निर्लज्जपणा बघा."

त्याच रागात ते उतारावरून पाण्याच्या दिशेने चालू लागले, आणि वास आला. भाजलेल्या कॉफीचा, दाट, उबदार वास. एका लोखंडी वस्तूंच्या दुकानाखालून येत होता. फुटपाथला लागून एक बुटकी खिडकी, शेजारी खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पाटी नव्हती. पायऱ्यांच्या तोंडाशी दार, दारावर पितळी घंटा होती.

आत तळघर होतं, पण उजेडाचं. पाच-सहा टेबलं, त्यांवर कडेला भरतकाम केलेले पांढरे कपडे. बसलेली माणसं बहुतेक म्हातारी, जाड लोकरीच्या स्वेटरांतली, एकेका टेबलाशी गप्प. एक उंच बाई निळी एनॅमलची किटली घेऊन आली. तिच्या ॲप्रनवर बोर्गहिल्ड असं नाव शिवलेलं होतं. तिने काही विचारलं नाही. दोन कप ठेवले आणि ओतलं.

कॉफी बिनदुधाची होती. एरवी त्र्यंबकराव तिथेच भांडले असते. पण ती काळी नव्हती, मधासारखी आरपार दिसत होती. त्यांनी किसणी काढायला खिशात हात घातला आणि दुसऱ्या हाताने एक घोट घेतला.

जायफळ आधीच होतं.

अगदी त्यांना लागतं तेवढं. किसणी खिशातच राहिली.

"कशी आहे?" त्यांनी शोभाताईंना विचारलं.

"चांगली आहे," शोभाताई म्हणाल्या. त्यांचा कप रिकामा झाला होता. बोर्गहिल्डने तो भरला. पुन्हा रिकामा झाला, पुन्हा भरला.

त्र्यंबकरावांना राहवलं नाही. ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन कौतुकाने म्हणाले, की बाई, हे करता कसं? बोर्गहिल्डने खुशीत दाखवलं. मोठं पातेलं, त्यात कॉफीची पूड, आणि पुडीत कालवलेलं अख्खं अंडं, टरफलासकट. अंड्याने गाळ खाली बसतो. गावातल्या चर्चच्या तळघरातही तिच्या आजीपासून असंच करतात, ती म्हणाली.

आता शोभाताई म्हणजे कोण, हे टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. वाढदिवसाचा केक आला की त्या आधी खोका वाचत. एकदा विमानात शेजारच्याने ऑम्लेट मागवलं म्हणून न्यूअर्कपासून शिकागोपर्यंत त्या नाकाला पदर लावून बसल्या होत्या.

त्र्यंबकराव तणतणत टेबलाशी आले. "शोभा, ठेव तो कप. अंडं आहे त्यात. या लोकांना सांगायला काय होतं? पाटी लावायला काय होतं? मी मॅनेजरला बोलावतो."

शोभाताईंनी कप खाली ठेवला नाही. "असू दे हो," त्या म्हणाल्या. "चांगली आहे."

त्र्यंबकराव त्यांच्याकडे बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा स्वर त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यात राग नव्हता, शोभाही नव्हती.

"बिल," ते बोर्गहिल्डला म्हणाले.

"अजून तुमचं संपलेलं नाही," ती प्रेमाने म्हणाली आणि किटली पुढे केली. त्यांनी आपल्याकडे करतात तसा कपावर आडवा तळहात धरला. ती थांबली, हसली, पुढच्या टेबलाकडे गेली. त्यांनी हात उचलला. कप काठोकाठ भरलेला होता आणि तळहात कोरडा.

शेजारच्या टेबलाशी एक म्हातारा होता. त्याने गुडघ्यांवर हात आपटले आणि म्हणाला, "चला, निघायला हवं." मग त्याने घोट घेतला आणि बसून राहिला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्र्यंबकरावांची नजर त्याच्या बुटांवर गेली. बुटांवर बर्फ होतं. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते, आणि या माणसाच्या बुटांवरचं बर्फ वितळायचं बाकी होतं.

"हेल्थ डिपार्टमेंटला कळवायला हवं," गिरीश म्हणाला. सगळे हसले. शोभाताई एकेक पान खुडत होत्या.

"मी तेच ठरवलं होतं," त्र्यंबकराव म्हणाले. "मी उठलो. सरळ वर जाऊन पोलिसांना फोन करणार होतो. पायऱ्या चढल्याचं मला चांगलं आठवतंय. उतरल्याचं आठवत नाही. पण मी खुर्चीत होतो आणि तोंडात जायफळाची चव होती."

हसण्यातून शैलजा आधी बाहेर पडली. "काका, पुढे?"

पुढे, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या एका आजीबाईंनी किटली यायच्या आत आपला कप संपवला, बशीवर पालथा घातला, आणि उठल्या. कोट चढवला. वर घंटा वाजली. बोर्गहिल्डने मान डोलावली आणि त्यांचं टेबल पुसलं. कुणी अडवलं नाही. कप पालथा म्हणजे पुरे, एवढीच त्यांची रीत होती.

"आणि हे आम्हाला कोण सांगणार होतं?" त्र्यंबकराव फोनमध्ये कडाडले. "टेबलांच्या कपड्यांवर भरतकाम करायला वेळ आहे, दोन ओळी लिहायला नाही?"

ते शोभाताईंच्या कानाशी वाकले. "शोभा, हा संपव आणि पालथा घाल."

"पालथं नाही घालायचं," शोभाताई म्हणाल्या.

कारण त्यांच्या माहेरी नांदत्या घरात भांडं पालथं घालत नसत. घासलेली भांडी भिंतीला तिरपी टेकवायची. पालथी फक्त एकदाच, घर कायमचं बंद करताना. एडिसनच्या स्वयंपाकघरातही त्यांनी ते कधी मोडलं नव्हतं. स्वतःचं नाव त्यांना त्या घटकेला आठवलं असतं की नाही कोण जाणे, पण हे आठवत होतं.

किटली पलीकडच्या टेबलाशी होती.

"शोभा, माझं ऐक."

"नाही हो. अपशकुन होतो."

किटली वळली.

त्र्यंबकरावांनी शोभाताईंच्या हातातला कप ओढून घेतला. कॉफी उकळती होती. एका दमात प्यायले. जीभ भाजली. कप बशीवर पालथा आपटला.

शोभाताईंनी डोळे मिटले, उघडले. समोरच्या बशीकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "यात अंडं होतं?"

"वर जा."

"मला सांगितलं का नाहीत तुम्ही?"

"शोभा, आधी वर जा."

त्या तोंडावर पदर धरून पायऱ्या चढल्या. घंटा वाजली.

"मग माझी पाळी," त्र्यंबकराव म्हणाले. "ती बया किटली घेऊन डोक्यावर उभी. मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे पाहुण्याला विचारून वाढतात. तिच्या डोळ्यांत डोळे घालून कप संपवला, असा टाणकन पालथा घातला, कोट झटकला आणि निघालो. टीपसुद्धा ठेवली नाही. तिथून थेट विमान, आणि आता चंदूकडे मजेत. गुडघा जरा सुधारला की पुढच्या रविवारी तुमच्यासमोर."

देवांगने टाळ्या वाजवल्या. "हरणापेक्षा भारी आहे, काका. फुल मार्क्स."

"बर्फाचे बूट जरा जास्त झाले," गिरीश म्हणाला.

शोभाताईंनी मेथीची जुडी बाजूला सरकवली. हात पुसले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि त्या बोलल्या ते टेबलाशी बसलेल्या कुणाशी नाही, फोनशीच.

"खोटं बोलताय तुम्ही. पुढचा रविवार, पुढचा रविवार. मी किती दिवस यांना चंद्रशेखर भावजींच्या गोष्टी सांगायच्या? मी फुटपाथवर ओणवी होऊन त्या खिडकीतून बघत होते. मग दार शोधायला वळले तर दारच नव्हतं, खिडकीही नव्हती, नुसती भिंत. पण त्याआधी तेवढं मी बघितलं. तुम्ही एकच कप पालथा केलात, माझा."

 शैलजाचा हात सामोशाच्या ताटावर तसाच राहिला.

फोनमधून काहीतरी ओतल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग त्र्यंबकरावांचा आवाज, फोनपासून जरा लांब, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा. त्यात राग औषधालाही नव्हता.

"हाफ कप ओन्ली," ते म्हणाले. "थँक यू."