सतरावा खण

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. पण हे माझ्याच घरात घडलंय, तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत. गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी, भर दुपारी दोनला सुरू झालं.

आणि अजून संपलेलं नाही.

माझी आत्या कॉलेजात दगड-खनिजांची प्रयोगशाळा सांभाळायची. घरात आम्ही तिला तपासनीस म्हणायचो, अर्थात तिच्या पाठीमागे. लग्न केलं नाही, माणसं जोडली नाहीत. जमवले ते स्फटिक. चाळीस खणांचं काचेचं कपाट, प्रत्येक खणात कापूस, कापसावर एक स्फटिक. जांभळे उन्हापासून लांब. मऊ असतील त्यांना कठीण घासणार नाहीत, असे वेगळे. दगडांचे एवढे लाड, आणि माझ्या वाट्याला टोमणे.

"तुझ्या हातून एक काम धड होत नाही." हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले.

ती गेली तेव्हा मी रडले नाही. रडूच आलं नाही.

कपाट मात्र माझ्या गळ्यात पडलं. सोबत एक वही. कुठला स्फटिक कसा साफ करायचा ते सगळं त्यात लिहिलेलं, प्रत्येकाचं वजनसुद्धा.

त्या बुधवारी सकाळी मी सगळे स्फटिक टबात टाकले, साबणाच्या कोमट पाण्यात. दुपारी काढून मोजले.

एकोणचाळीस भरले.

सतराव्या खणातला मिठाचा होता. चौकोनी, काचेसारखा नितळ, मुठीएवढा. आत्याने तरुणपणी स्वतः खाणीतून आणलेला. तो पार विरघळून गेला होता. मग मी वही उघडली. 'सतरा : फक्त कोरडा ब्रश. पाणी लावू नये.'

गेला तर गेला, म्हटलं. टबातलं पाणी मोरीत ओतलं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला...

खस्... खस्... खस्...

कोरडा ब्रश फिरवल्यासारखा. धावत गेले. खोलीत कोणी नव्हतं. ब्रश कपाटावर होता, मी ठेवला होता तिथेच.

संध्याकाळी नवऱ्याने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. जेवण अळणी होतं. मी मीठ घातलं होतं. पुन्हा घातलं. डबा अर्धा झाला.

तरी अळणीच.

दुसऱ्या दिवशी सतराव्या खणात... कापसावर... साखरेच्या दाण्याएवढं काहीतरी चमकत होतं.

चौकोनी होतं. बोट लावून चाखलं. खारट.

तो खडा रोज वाढत गेला. रोज दुपारी दोनला तो आवाज यायचा. मी दार लावून घ्यायचे आणि टीव्ही मोठा करायचे.

मग ठमी पडली. ठमी माझी मुलगी, चार वर्षांची. जिन्यात गुडघा फुटला आणि तिने सगळी बिल्डिंग डोक्यावर घेतली. मी तिला उचललं, डोळे पुसायला ओढणी पुढे केली...

डोळे कोरडे होते.

गालांवर एक थेंब नव्हता.

डॉक्टरांनी डोळे तपासले, औषध दिलं, होईल बरं म्हणाले. काही झालं नाही. नवऱ्याला खडा दाखवला तर तो वैतागून म्हणाला, "तो खडा परत पाण्यात टाक आणि कटकट मिटव एकदाची."

हात धजला नाही. त्यात जे साठलंय ते माझ्या पोरीचं आहे.

एक गोष्ट मी वर खोटी सांगितली. वही मी नंतर उघडली नव्हती. आदल्या दिवशीच वाचली होती. सतरा नंबरचं पान तर दोनदा. तो खडा मी सगळ्यात आधी पाण्यात सोडला आणि तो झिजताना शेजारी स्टूल घेऊन बसले. मला फार बरं वाटत होतं.

हे घरात कोणालाच माहीत नाही.

आत्याला माहीत आहे.

परवा मी कपाटासमोर बसून रडले. ढसाढसा रडले. डोळ्यांतलं पाणी बोटावर घेतलं, खणाजवळ धरलं आणि म्हणाले, "माझं घे. तिला सोड."

बराच वेळ धरून बसले. काल वजन केलं तेव्हा खडा रोजच्याएवढाच वाढलेला होता. आणि ठमीचे ओठ सुकले होते.

माझं आत्याला नकोच आहे.

वहीत सतराव्याचं वजन दोनशे बारा ग्रॅम लिहिलंय. आज भरलं एकशे नव्वद. दोनशे बारा झाल्यावर ती थांबेल का, ते कोणाला विचारू? ठमी सकाळपासून निजून आहे. आता रडतसुद्धा नाही.

दोन वाजलेत. मी कोरडा ब्रश घेऊन कपाटासमोर बसलेय. हलक्या हाताने, कोपऱ्यांतून, वहीत लिहिलंय अगदी तसा खडा साफ करतेय.

मध्येच मी हात थांबवला...

खस्... खस्... खस्...

आवाज थांबला नाही. माझ्या कानाजवळूनच येतोय.

आता तरी धड होतंय का गं, आत्या?