आठ प्रतींचं पुस्तक

नाशिकच्या शालिमार चौकाजवळच्या त्या पुस्तकांच्या दुकानात स्नेहल शिरली ती फक्त पाच मिनिटांसाठी.

सन दोन हजारचा सप्टेंबर होता. पंचवटीतल्या तिच्या शाळेला देणगीत चार संगणक मिळाले होते आणि मोठ्या बाईंनी (मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाईच म्हणे) विज्ञान शिकवणाऱ्या स्नेहलच्या गळ्यात तो कारभार घातला होता. "आपल्या आठ शिक्षिकांना वाचून शिकता येईल असं मराठी पुस्तक बघ. एकच. आठ प्रती."

काउंटरमागच्या तरुणाने तीन पुस्तकं समोर ठेवली. तिने एक उचललं आणि थेट शेवटची पानं उघडली.

"गोष्टीचा शेवट आधी वाचता?"

"सूची बघतेय. छपाई पान एकेचाळीसवर आहे म्हणे..." तिने पान काढलं. "इथे तर अक्षरं मोठी कशी करायची ते आहे. पुस्तक खोटं बोलतंय."

"लोक किंमत बघतात, चित्रं बघतात. पुस्तकाची उलटतपासणी घेणारं पहिलंच गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक नाही, शिक्षिका."

"तरीच... मी मघापासून सरळ उभा आहे."

हसायचं तिने मुळीच ठरवलं नव्हतं. पण हसली.

त्याचं नाव नवनाथ. देवळा तालुक्यातला. घरचा कांदा सोडून शिकायला नाशिकला आला आणि बी.ए. होऊन या दुकानात लागला. संगणकाच्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक त्याने वाचलं होतं. तो एक प्रत बघायला द्यायचा. स्नेहल आठवडाभर ती संगणकासमोर धरून पायरी न् पायरी करून बघायची, चुकीच्या जागी कागदाचा कपटा घालायची आणि शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, परत करायला यायची.

"पान बावन्नवर अडलात ना?" तो पुस्तक न उघडताच विचारी.

"तुम्हाला पानं पाठ आहेत?"

"संगणकाची सगळी. तुमचं मात्र... अजून पहिलंच चाललंय."

स्नेहल पिशवीत काहीतरी शोधू लागे. पिशवीत काही नसे.

असे पाच शनिवार गेले. शेवटी मोठ्या बाई कडाडल्या, "अगं, पुस्तक निवडतेस की स्थळ? सोमवारी वर्ग सुरू झाला नाही, तर मी ती यंत्रं दुसऱ्या शाळेला देऊन टाकीन!"

दोन पुस्तकं उरली होती. त्यात कोणतं, ते स्नेहलला काही केल्या ठरवता येईना. ती नवनाथला म्हणाली, "शनिवारी दुपारी शाळेत या. यंत्रावरच बघू."

तो पुस्तकांच्या कडा जुळवत राहिला. "मालक सोडणार नाहीत..."

"सोडतील. मी विचारलंय."

तो आला. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायच्या असा शाळेचा नियम होता, त्याने काढल्या. दारात शिपाई भागुबाई मावशी सुपारी कातरत बसल्या होत्या. आत मुलींनी शिवलेली फुलाफुलांची झाकणं घालून चार यंत्रं बसली होती. स्नेहलने एकाचं झाकण काढलं, खुर्ची पुढे केली.

नवनाथ बसला. हात मांडीवर. त्याने यंत्राची डावी बाजू पाहिली, मग उजवी.

"बटण कुठे असतं?" त्याने हळूच विचारलं.

स्नेहलला वाटलं, थट्टा. मग तिने त्याचे कान पाहिले. लालबुंद झाले होते.

"प्रत्येक पुस्तक 'संगणक सुरू केल्यावर' इथूनच सुरू होतं," तो म्हणाला. "त्याच्या आधीचं... मला माहीत नाही. मी संगणकाला कधी हातच लावलेला नाही."

"म्हणजे पाच आठवडे मी ज्याच्या शब्दावर विसंबले..."

"वाचलेलं होतं. एकही शब्द खोटा नाही सांगितला." तो उठू लागला.

तिला राग आला होता, खराच आला होता. पण त्याच वेळी डोक्यात काहीतरी जुळलं. तिला स्वतःला थोडंफार येत होतं, म्हणून पुस्तकातलं राहून गेलेलं ती नकळत भरून काढत होती. म्हणूनच ठरत नव्हतं! आणि तिच्या आठ जणींना तर काहीच येत नव्हतं. अगदी याच्यासारखंच.

"बसा," ती म्हणाली. "पुस्तकात लिहिलंय तेवढंच करा. मी बोलणार नाही."

तिने बटण दाबलं. पडद्यावर निळं आभाळ उजळलं, त्यात पांढरे ढग. नवनाथ पुढे झुकला. पुस्तकांतली चित्रं सगळी काळीपांढरी होती.

"कितलं भारी शे!" दुकानातली स्वच्छ मराठी गळून पडली होती आणि अहिराणी बोलणारा देवळ्याचा मुलगा ढगांकडे बघत होता. स्नेहल त्याच्याकडे बघत होती.

पहिल्या पुस्तकाने त्याला तिसऱ्याच पानावर अडवलं. दुसऱ्याने हात धरून नेलं. थरथरता बाण, चुकलेली अक्षरं, पुन्हा पहिल्यापासून... आणि तासाभराने छपाईयंत्रातून चार ओळींचा अर्ज बाहेर आला. नवनाथने तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेतला.

"हेच," स्नेहल म्हणाली. "आठ प्रती."

त्याचा चेहरा मात्र उतरला. "खरं सांगू? हेच चांगलं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग शेवटपर्यंत का लपवलंत?"

"आधी दिलं असतं, तर... तुम्ही परत आला नसता."

बाहेर अडकित्ता थांबला.

स्नेहलने झाकण घातलं, कोपरे नीट बसवले. आधीच नीट बसलेले कोपरे पुन्हा बसवले. "उद्या रविवार," ती झाकणावरच्या फुलांना म्हणाली. "दुकान बंद असतं ना?"

"असतं."

"मग पुस्तकाशिवाय कुठे भेटायचं, ते सांगा."

इतकी पानं पाठ असलेल्या माणसाने हातातला अर्ज उलटा धरला होता. "गंगेवर... गोदेच्या घाटावर," तो कसाबसा म्हणाला. "चार वाजता?"

"चारला लय ऊन असतं," दारातून भागुबाई मावशी म्हणाल्या. "पाचला जा."