वाढव

अपडेट यशस्वी झालं आणि दिगंबर वेळापुरे अतिशय सभ्य बोलू लागले. हे घडलंच नाही असं समजून आपण सकाळपासून सुरुवात करू. घरातही तसंच समजायचं ठरलं आहे.

सकाळी पराग पुण्याहून कराडला पोचला, तेव्हा त्याचे वडील दिगंबर, म्हणजे अण्णा, खिडकीशी बसले होते. गळ्यावर कंठपट्टी आणि शेजारच्या टेबलावर तिला जोडलेला संगणक. अर्धांगाच्या झटक्यानंतर अण्णांच्या तोंडून आवाज फुटत नसे. पण माणूस बोलायला जातो तेव्हा गळ्याचे स्नायू थरथरतात. ती थरथर पट्टी टिपायची आणि संगणक तिचे शब्द करायचा. सुरुवातीला तो चहाला चटई म्हणायचा. मग हळूहळू शिकला. कुठली थरथर म्हणजे शिवी आणि कुठली नुसता खोकला, हे त्याला घरच्यांपेक्षा आधी कळू लागलं. या सगळ्या शिकलेल्याला कंपनी ‘स्वरसाठा’ म्हणायची.

“आलास,” संगणक अण्णांच्या आवाजात म्हणाला. आवाज दुकानातल्या जुन्या चित्रफितींवरून घेतलेला होता, त्यामुळे मागे बांगड्यांची किणकिण ऐकू यायची. “या इंजिनिअरसाहेब. पोट सुटलंय.”

“अण्णा, कंपनीचा निरोप आलाय. आज अपडेट नाही टाकलं तर हा उद्यापासून बंद पडेल.”

“मी रोज ‘नंतर’वर बोट ठेवते की,” आई आतून म्हणाली. तिच्या मते पडद्यावर जे काही येतं ते ‘नंतर’ म्हटलं की वर्गणीवाल्यांसारखं समजून परत जातं.

“बंद बंद करू नकोस सकाळी सकाळी,” अण्णा म्हणाले.

अण्णांचं बांगड्यांचं दुकान होतं. तिथे बांगडी कधी फुटत नसे, वाढत असे. संध्याकाळी दुकानही बंद होत नसे, ते वाढवलं जाई. दुकान विकलं तरी शब्द राहिला. दिवसभर बोलून दमले की अण्णा म्हणत, “ए, वाढव आता.” मग संगणक निमूट मालवला जाई आणि आई पट्टी काढे. ‘ए’ म्हणजे आई. लग्नापासून त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. पण ‘ए’च्या तऱ्हा होत्या. एक चहाची, एक चष्म्याची, आणि एक अशी की तिच्यात काहीच नको असायचं, ती घरात आहे ना एवढंच बघायचं असायचं. संगणकाने या सगळ्या शिकून घेतल्या होत्या.

परागने अपडेट सुरू केलं. पडद्याने पासवर्ड मागितला.

“आई, पासवर्ड काय आहे?”

“तूच ठेवलेलास.”

“तुला सांगितला होता.”

“सांगितलास तेव्हा दूध उतू चाललं होतं.”

नवा पासवर्ड मागवला, तर त्याचा ओटीपी अण्णांच्या जुन्या मोबाइलवर गेला. तो मोबाइल दुकानाबरोबरच नव्या मालकाकडे गेला होता. ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो, हे नव्या मालकाने नुकतंच कुठेतरी ऐकलं होतं आणि त्याला ते मनापासून पटलं होतं. त्याची समजूत काढता काढता जेवणवेळ झाली.

मग पडद्यावर आलं: वापरकर्त्याने स्वतःच्या आवाजात संमती द्यावी.

“स्वतःच्या म्हणजे?” आईने विचारलं.

“म्हणजे ह्याच्या,” पराग संगणकाकडे बोट दाखवत म्हणाला. संगणकाने संगणकाला विचारायचं आणि संगणकानेच हो म्हणायचं, असं ते होतं.

“निवडणूकच झाली की,” अण्णा म्हणाले. “हो.”

संगणकाने स्वतःचे आभार मानले.

नवी आवृत्ती आली ती चाचणीपुरती. परागने सूचना मोठ्याने वाचली. पसंत नसल्यास चाचणी बंद करा, जुना स्वरसाठा परत मिळेल. पसंत असल्यास मुदत वाढवा, जुना साठा पुसला जाईल. तोंडी सांगितलं तरी चालेल.

“बोला अण्णा, काहीतरी.”

अण्णांच्या गळ्यात एक छोटीशी थरथर झाली. चहाची होती.

“आदरणीय काळजीवाहक,” संगणक एका नव्याच, गुळगुळीत आवाजात म्हणाला, “कृपया उष्ण पेय उपलब्ध करून द्यावे.”

आई हात पुसत बाहेर आली. “कोण आलंय?”

“अण्णाच बोलतायत.”

“हे? हे कृपया म्हणाले?”

अण्णांचा चेहरा लाल झाला. गळा बराच वेळ थरथरत राहिला. जुन्या संगणकाने यातून जे काढलं असतं, त्यापायी आईला खिडकी लावून घ्यावी लागली असती. नवा म्हणाला, “सदर सेवेबाबत मी काहीसा असमाधानी आहे.”

“थांबा, मी बंद करतो,” पराग म्हणाला आणि त्याने माउसकडे हात नेला. अण्णांनाही तेच हवं होतं. झटक्यानंतर त्यांचे सगळे शब्द मोडके झाले होते; आयुष्यभर घोटलेला एकच काय तो गळ्यातून धड निघायचा. तो निघाला.

“वाढव.”

नव्या आवृत्तीने अण्णांचा शब्द जसाच्या तसा ऐकला, तो हा पहिलाच. तिच्या ऐकण्यात काहीही चूक काढता येणार नाही.

“मुदत कायमस्वरूपी वाढवण्यात आली आहे,” ती म्हणाली. “जुना स्वरसाठा पुसण्यात आला आहे. आपल्या विश्वासाबद्दल आभार.”

परागने मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा आवाज ओळखीचा होता. अण्णांचा नवा आवाजच तो.

“ग्राहकाने स्पष्ट शब्दांत ‘वाढव’ म्हटल्याची नोंद आहे.”

“हो, पण आमच्याकडे वाढव म्हणजे बंद कर.”

“मग बंद करण्यासाठी आपण कोणता शब्द वापरता?”

“वाढव.”

“आणि वाढवण्यासाठी?”

“बरं, ते जाऊ द्या. हा पुन्हा शिकेल ना? पहिला शिकला होता तसा?”

“नव्या आवृत्तीतून शिकण्याची सोय काढण्यात आली आहे. ग्राहकांना सातत्य आवडते. तक्रार असल्यास ती ग्राहकाने स्वतःच्या आवाजात नोंदवावी.”

परागने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. आई खुर्ची ओढून अण्णांच्या समोर बसली.

“इतकी वर्षं नाव घेतलं नाही, त्याचं मला काही नव्हतं,” ती परागला म्हणाली. “आता हुद्दा दिलाय.” मग अण्णांकडे वळली. “अहो, सांगा त्यांना. काय पाहिजे ते सांगा.”

अण्णा फोनकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. गळा थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. आईने पदराने त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली. ते बोलायचे थांबल्यावर संगणकाने थोडा विचार केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं:

“अर्जदार दिगंबर वेळापुरे यांजकडून सविनय विनंती करण्यात येते की, पत्नीस उद्देशून वापरावयाचे एकाक्षरी संबोधन अर्जदारास त्याच्या सर्व प्रकारांसह पूर्ववत उपलब्ध करून देण्यात यावे. पत्नी समोरच बसलेली असल्याने सदर बाब तातडीची समजावी. कळावे.”