रुंब्याचा नकाशा

दुपारच्या सुट्टीत सिमेंटच्या गोदामात कोणी नसतं, असा धरणाच्या वसाहतीत सगळ्यांचाच समज होता. म्हणून चांगुणा तिथं गेली. तिच्या हातात ट्रेसिंगच्या कापडाची गुंडाळी होती, आणि गुंडाळीत अशी गोष्ट होती की ती ऑफिसात उघडली असती तर चारी टेबलांवरचं काम थांबलं असतं. तसं ते चालूही नव्हतं. पण थांबलेलं दिसलं असतं.

गोदामात पोत्यांच्या थप्पीवर एक तरुण बसला होता. भुवयांपासून चपलांपर्यंत राखाडी. मांडीवर लग्नाच्या बँडात असतं तसं पितळी कॉर्नेट. डोळे मात्र काळेभोर... आणि ते तिच्याकडं बघायचं थांबत नव्हते.

"हितं काहून बसले तुमी?" चांगुणानं विचारलं.

"साहेबाचा हुकूम हाय. बाहेर वाजवलं की लग्न हाय समजून लोक जेवायला येतात. मी अमृत. आखाडा बाळापूरच्या रूपसिंग मास्तरच्या बँडातला. आन् तुमी?"

"मी ट्रेसर."

"म्हंजे?"

"साहेब लोक रेघा वढतात. मी त्याच रेघा परत वढते. पर सरळ."

तो हसला. हसताना त्याच्या मिशीतून सिमेंट उडालं, चांगुणाला शिंक आली, आणि शिंकेसरशी गुंडाळी सुटून त्याच्या पायाशी उलगडली. कापडावर पावलंच पावलं होती. काळ्या शाईत, मापात, बाणांसकट.

"अगं आई... कोणाचा पंचनामा हाय ह्यो?"

"पंचनामा न्हाई. नाच हाय."

झालं होतं असं. साल शहात्तर. धरण काठोकाठ भरलं होतं, आणि ते बघायला दक्षिण अमेरिकेतून एक इंजिनियर येणार असल्याचं पत्र आलं. मोठ्या साहेबांनी भिंतीवरच्या नकाशात दक्षिण अमेरिका शोधली, ती फार लांब असल्याची खात्री करून घेतली, आणि पाहुण्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून जलाशयावर संध्याकाळच्या जेवणाचा बेत काढला. दगड वाहायचा सपाट तराफा, तो ओढायला खात्याची मोटरलाँच, वर टेबलं, गॅसबत्त्या आणि लॅटिन संगीत. संगीत म्हटलं की नाच आला. तिकडं तो जोडीनं करतात, असं साहेबांनी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. त्याच पुस्तकात रुंबा नावाच्या नाचाच्या पावलांची आकृती होती. गड्याची वेगळी, बाईची वेगळी. आकृती दिसली की तिची ट्रेसिंग काढायची आणि निळ्या फेरोप्रिंट छापून सगळ्यांना धाडायच्या, ही खात्याची रीत. तशा त्या धाडायचं ठरलं. माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी. सपत्नीक.

संगीताची सोय त्याहून सोपी होती. रूपसिंग मास्तर तरुणपणी सिकंदराबादेत पलटणीच्या बँडात होता. तिथून त्यानं अडीच लॅटिन चाली आणल्या होत्या. डोंगरकड्यापासून शिरड शहापूरपर्यंत आजवर चार नवरदेव रुंब्यावर घोड्यावरून उतरले होते, आणि एकाचीही तक्रार नव्हती.

"हितं लिवलंय, दोन ठोक्यांला एक पाऊल, मग एका ठोक्याला एक," चांगुणा म्हणाली. "ठोका म्हंजे किती? इंचात सांगा न्हाईतर सेकंदात."

"ठोका इंचात बसत न्हाई."

"मग कशात बसतो?"

"छातीवर हात ठेवा..." आणि घाईघाईनं, "सोताच्या!"

त्यानं कॉर्नेट ओठांना लावलं. सूर गोदामाच्या पत्र्यावर आदळून हळूच खाली उतरला, आणि चांगुणाची पावलं आपोआप हलली—एक लांब... दोन आखूड... परत एक लांब. जमिनीवरच्या सिमेंटच्या भुकटीत तिचे ठसे उमटत गेले. सूर थांबल्यावर दोघांनी खाली पाहिलं. कापडावरची पावलं आणि जमिनीवरची पावलं बरोबर जुळली होती.

"ही तर नुसती बाईची पावलं," अमृत म्हणाला. "गडी कुठं राहिला?"

"दुसऱ्या कापडावर."

"कवा येनार तो?"

 चांगुणानं गुंडाळीच्या आतलं दुसरं कापड काढलं, दोन्ही एकावर एक ठेवली आणि दाराच्या उजेडात धरली. ट्रेसिंगचं कापड पारदर्शक. एकाचं पाऊल मागं सरकत होतं तिथं दुसऱ्याचं पुढं येत होतं; कुठं धक्का नाही, कुठं चेंगराचेंगरी नाही. दोघांची डोकी कापडाच्या एकाच कडेशी आली होती...

"चांगला काढला तुमी नाच," तो म्हणाला. तिच्याकडं बघत. कापडाकडं नाही.

पुढचे बारा दिवस चांगुणाला दुपारी भूक लागली नाही. ठोक्यांची खात्री करायला ती रोज गोदामात जाऊ लागली. ठोके पहिल्याच दिवशी जुळले होते, पण खात्याचं काम एकदा तपासून भागत नाही.

एकदा ती म्हणाली, "गंमत हाय बघा. आमच्या आबानं धर्म बदलला त्या साली हलगी नेऊन चावडीवर ठेवली. म्हनले, आता कोणाच्या हुकमानं वाजवनार न्हाई. आन् तुमी उकंडरावाचं पोरगं, साठ एकराचे धनी... लोकाच्या वराती वाजवून राहिले."

"वाजवायचा हुकूम मला कोणी न्हाई केला. केला असता तर मी बी ह्ये कॉर्नेट ठेवलं असतं."

"घरचे काय म्हनतात?"

"काईच न्हाई. दोन वर्षं झाली, अण्णा माझ्यासंग बोलत न्हाईत."

"तकलीफ व्हत असंल."

"व्हते. मग वाजवतो." थोडा वेळ तो कॉर्नेटच्या कळा उगाच दाबत राहिला. "चांगुणाबाई... तुमच्या आबाला भेटू का मी?"

 कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

"थांबा," ती म्हणाली. "चार वर्षं मी टेंपररी हाय. कायमचा कागद साहेबाच्या टेबलावर पडलाय, नुसती सही राहिली. तो हातात आला की मी माझ्या भाकरीची धनीन. मग आबाला, तुमच्या अण्णाला, दोन्ही गावाला... कोणाला विचारायचं काम न्हाई. नुसतं सांगायचं."

"आन् न्हाई आला तर?"

"येत कसा न्हाई!" ती ठसक्यात म्हणाली. पण हातातली गुंडाळी तिनं गरजेपेक्षा घट्ट आवळली होती.

फेरोप्रिंट ऑफिसातल्या छपाईवाल्या भीमसिंगनं छापल्या. गड्यांच्या सुलट आल्या. बायकांची ट्रेसिंग त्यानं पालथी ठेवली, त्यामुळं त्या आरशातल्यासारख्या उलट्या छापल्या गेल्या. वरची अक्षरंही उलटी होती; ती स्पॅनिश असावीत असं समजून कोणी विचारलं नाही. चांगुणानं ते पाहिलं होतं. पण प्रिंट तपासणं ट्रेसरच्या कामात मोडत नव्हतं.

ठरल्या दिवशी साडेपाचला तराफा काठावरून हलला. ऊन पाण्यावर लांब झालं होतं. अकरा साहेब, अकरा बायका, मध्ये पाहुणा, मागच्या टोकाला बँड. बँडवाल्यांनी नंतर, काठावर जेवायचं होतं. चांगुणाला वाढायला बोलावलं होतं, तेही लेखी. तिचे वडील, म्हणजे आबा, सोनाजी खात्यात खलाशी. ते तराफ्याच्या कोपऱ्यावर बांबू घेऊन उभे होते.

पाहुणा म्हातारा आणि साधा निघाला. त्याला गाळात रस होता. वांग्याची भाजी तिसऱ्यांदा मागून घेत तो गाळाची टक्केवारी विचारत होता, आणि ती कोणालाच ठाऊक नव्हती. विषय बदलावा म्हणून मोठ्या साहेबांनी हात वर केला. रुंबा सुरू झाला.

अकरा जोडपी उठली. पहिल्या ठोक्याला साहेब पूर्वेला निघाले आणि त्यांच्या बाई, पद्माबाई, पश्चिमेला. हात मात्र धरलेले होते. अकराही जोडपी एकाच वेळी ताणली गेली. दुसऱ्या ठोक्याला ती परत आली, ती बुटाखाली जोडव्यांची बोटं घेऊन. "अगं बाई!" असा अकरा सुरांत आवाज आला. तराफा एका अंगाला कलला, श्रीखंडाचं पातेलं शिस्तीत घसरत जाऊन उपअभियंत्यांच्या पायाशी थांबलं, आणि पाहुण्यानं पहिल्यांदाच गाळ सोडून वर पाहिलं.

साहेबांचा चेहरा तांबडा झाला होता. त्यांची नजर चांगुणावर पडली.

"तुम्ही काढलंत ना ते? मग तुम्हाला येत असणार. या. पाहुण्यांबरोबर नाचून दाखवा."

चांगुणाच्या हातात पाण्याचा जग होता. तो तिनं खाली ठेवला नाही.

"न्हाई, साहेब."

"काय?"

"मी ट्रेसर हाय. रेघा वढायला आले."

साहेब हसले. ते हसणं फाईलवर शेरा मारताना हसतात तसलं होतं. "तुमचा कायमचा कागद माझ्या टेबलावर आहे, ठाऊक आहे ना? पाच मिनिटांचा प्रश्न. उद्या सकाळी सही होईल."

बँड थांबला. लाँचच्या इंजिनाची धकधक तेवढी ऐकू येत होती. चांगुणानं सोनाजीकडं पाहिलं. ते पाण्याकडं बघत होते, आणि बांबूवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. तिनं अमृतकडं पाहिलं. त्याच्या ओठांवरून कॉर्नेट खाली आलं होतं. बारा दिवस जपलेलं सगळं त्या एका सहीत होतं, हे तराफ्यावर फक्त दोघांनाच माहीत होतं.

चांगुणानं जग टेबलावर ठेवला.

"हुकमानं नाचनार न्हाई," ती म्हणाली. मग बँडापाशी गेली. "अमृतराव, नाचता का माझ्यासंग?"

"हितं?"

"हितंच."

"समद्यांसमोर?"

"मागं जागा हाय का कुठं?"

मागं पाणी होतं. अमृतनं कॉर्नेट रूपसिंग मास्तरच्या हातात दिलं. मास्तरनं आधी साहेबांकडं पाहिलं, मग चांगुणाकडं, मग एक खोल श्वास घेऊन त्यानं रुंबा असा उचलला, जसा तो कोणत्याच नवरदेवासाठी वाजवला नव्हता.

अमृतचा हात गार होता, तिचाही. पहिलं पाऊल... लांब. मग दोन आखूड. पाण्यावरून आलेला वारा तिच्या पदरात शिरला आणि पदर त्याच्या मनगटावर जाऊन पडला. तो तिनं काढला नाही. एक मागं सरकलं की दुसरं पुढं येत होतं. धक्का कुठंच लागत नव्हता.

"थांबवा हे!" साहेब ओरडले. "बाहेर काढा त्यांना!"

सोबतच्या शिपायानं चारी बाजूंना पाहिलं. चारी बाजूंना धरण होतं.

"मग लाँच फिरवा!"

लाँच फिरली. काठ अर्ध्या तासावर होता. उठून जायला जागा नसल्यामुळं त्या दोघांकडं बघण्यावाचून अकरा साहेबांना दुसरं काम उरलं नाही. पाहुणा ताल धरून टाळ्या वाजवू लागला. मग साहेबांनी विचारायच्या आतच त्यानं सांगून टाकलं, की तो डोंगरातला, आणि जन्मात कधी नाचलेला नाही.

पद्माबाई चांगुणाच्या पावलांकडं बघत होत्या. त्यांनी आपली निळी प्रिंट पालथी करून गॅसबत्तीसमोर धरली, बराच वेळ निरखली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ती बरोबर नाचतेय. चूक तुमच्या कागदात आहे."

"कागद गेला तुमचा," अमृत हळूच म्हणाला.

"गेला."

"माझ्यापायी."

"तुमच्यापायी काहून? पाय माझे हायत."

"मग... आबाला भेटू का आता?"

"आबा तिथं उभे हायत. मघापासून बघून राहिले. भेटायचं काय राहिलं?"

तराफा काठाला लागला. साहेब आधी उतरले आणि वळून म्हणाले, "उद्यापासून तुम्ही कामावर यायचं नाही."

"लेखी द्या, साहेब," चांगुणा म्हणाली. "कारणासकट."

 सव्वीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी हजार कारणं लिहिली होती. पण पाहुण्याबरोबर नाचायला नकार दिला, हे कुठल्या नियमाखाली बसवावं ते त्यांना सुचेना. त्यांना ते पुढंही सुचलं नाही. चांगुणा आणखी सहा वर्षं टेंपररीच राहिली आणि रोज कामावर गेली.

जीप निघून गेल्या. सोनाजी दोर बांधत होते. अमृत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "आबा, मी..."

"अर्धा घंटा पाहिलं मी," सोनाजी दोराकडंच बघत म्हणाले. "आता सांगून काय करता? तुमच्या घरचे?"

"बोलत न्हाईत."

"बोलत न्हाईत, पर काठ्या घेऊन येतील."

"येतील," चांगुणा म्हणाली. "आबा, मी इचारून न्हाई राहिले. सांगून राहिले."

सोनाजींनी गाठ आवळली. परत सोडली. परत आवळली. "कागद न्हाई, सही न्हाई... कशाच्या जोरावर सांगून राहिली गं?"

"तुमी चावडीवर गेलते, तवा कोणता कागद व्हता?"

 सोनाजींनी डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. पाणी उडालं होतं, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"जेवून घ्या दोघं," ते म्हणाले. "मग घरला या. माय वाट बघून राहिली असंल."

बँडाच्या पंगतीत दोघं शेजारी बसून जेवले. उठले तेव्हा वसाहतीतले दिवे लागले होते. घराकडं जायला दोन वाटा होत्या. एक कालव्याच्या कडेनं, बाभळींमागून, कोणाच्या नजरेस न पडणारी. दुसरी सरळ साहेबांच्या बंगल्यांपुढून. आणि त्या वेळी सगळे बंगले व्हरांड्यात येऊन बसलेले.

"मागून जायचं का?" अमृतनं विचारलं.

चांगुणानं त्याचा हात धरला.

"समोरून," ती म्हणाली.