झीज

आमचं दुकान म्हणावं तर दुकान नाही, कारखाना म्हणावा तर कारखानाही नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं टेबल, मागच्या खोलीत माझं. प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेले ते जुने, जड कीबोर्ड आता सहसा मिळत नाहीत. पण ज्यांची बोटं त्यांच्यावर तयार झाली त्यांना दुसरं काही चालत नाही. अशांसाठी आम्ही जुन्या कीबोर्डांच्या नकला बनवतो. दादा विकतो, मी मापं घेते.

जुना कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलावा लागतो. आत पोलादी पत्रा, खाली बोल्ट. बटण दाबलं की ठरावीक क्षणी स्प्रिंग वाकते, ‘खट्’ होतं आणि तो खट् बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत जातो. नव्यात आम्ही तसाच पत्रा, तशीच स्प्रिंग घालतो, तरी आवाज जरा वरच्या पट्टीत लागतो, थोरल्या भावापुढे धाकट्याचा लागावा तसा. असं का होतं ते मला आलेख काढून दाखवता येतं. पण गिऱ्हाइकाला आलेख नको असतो.

“जुनं ते सोनं,” दादा म्हणायचा, “आणि नवं ते आपलं पोट.”

एका सकाळी ते काका आले. सत्तरीचे असतील. दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी भलत्याच काजात. जुन्या चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड त्यांनी दादाच्या टेबलावर ठेवला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“बायकोचा आहे,” ते म्हणाले. “घरी बसून डॉक्टरांच्या टेप ऐकायची आणि रिपोर्ट टाइप करायची. सगळं आयुष्य ह्याच्यावरच गेलं.”

“आता नाही करत?” दादाने विचारलं.

“टाइप करता करताच गेली. पुढे कोसळली. हाही तिच्याबरोबर खाली आला.” त्यांनी बोट लावून दाखवलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढी चीर होती.

दादा जरा चपापला, पण धंदा तो धंदा. “विकायचाय का, काका?”

“छे. तुमच्याकडे राहू दे. मला बघवत नाही. पुढचं पुढे बघू.”

“ह्याच्या नकला बनवल्या तर चालेल?”

काकांनी चादरीची घडी घालायला घेतली. “किती बनवाल?”

“लोक मागतील तेवढ्या.”

“बनवा,” ते म्हणाले. “जितक्या जास्त तितकं बरं.”

इतका वापरलेला कीबोर्ड मी आजवर हाताळला नव्हता. नेहमी लागणारी अक्षरं पार पुसली होती. स्पेसबारवर डाव्या बाजूला गुळगुळीत खोलगट खळगा होता, म्हणजे बाई डाव्या अंगठ्याने स्पेस द्यायची. पुढच्या कडेवर डावीकडेच बारीक ओरखडे होते, घड्याळाच्या पट्ट्याच्या बकलाने पडतात तसले. मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, प्रत्येक बटणाला किती जोर लागतो ते यंत्राने मोजलं, आणि मग कॉम्प्युटरवर त्याची प्रतिकृती तयार करताना सगळी झीज पुसून टाकली. खळगा भरला, कडा सरळ केल्या, चीर बुजवली. कीबोर्ड कारखान्यातून निघाला त्या दिवशी जसा असेल तसा केला आणि त्यावरून साचे गेले. हे मी मुद्दाम सांगते. नकलांमध्ये त्या बाईचं काहीही गेलेलं नव्हतं.

पहिली नक्कल दादाने घरी वहिनीला दिली. वहिनी सिनेमांत पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या संवादांच्या पट्ट्या लिहायची, म्हणजे कानाला हेडफोन आणि बोटं दिवसभर कीबोर्डवर. तिला पसंत पडलं की माल बाजारात जायचा, हा आमचा शिरस्ता.

“कीबोर्ड आहे की उखळ?” उचलताना ती म्हणाली. पण संध्याकाळी तिने फोन केला. “अगं, हात आपोआप चालतात ह्याच्यावर. माझा जुना आता भंगारात द्या.”

माल गेला, आणि बराच गेला. नंतर एका रविवारी दुपारी मी दादाकडे जेवायला गेले होते. जेवण झाल्यावर वहिनीच्या टेबलाशी सहज उभी राहिले, तर स्पेसबारवर डावीकडे चकाकी आली होती. अंगठा फिरवला. खळगा होता, उथळ, पण होता.

“वहिनी, तू स्पेस कुठल्या अंगठ्याने देतेस?”

तिने हवेत टाइप करून बघितलं. “उजव्या. का गं?”

“काही नाही. प्लास्टिक मऊ लागलंय वाटतं.”

“माणसंच मऊ लागलीत तुमच्याकडे,” ती हसून म्हणाली. “सांगणाऱ्याने सांगावं प्लास्टिक एक नंबरचं, आणि ह्यांनी मान डोलवावी.”

मलाही तेच वाटलं. दादा प्लास्टिकवाल्याशी फोनवर भांडला. तो शपथेवर म्हणाला की माल तोच आहे. गिऱ्हाइकांची मात्र तक्रार नव्हती, उलट कौतुकच. एक जण म्हणाला, “चार दिवसांत वर्षानुवर्षं वापरल्यासारखा झालाय.” दुसऱ्याने अगदी खुशीत विचारलं, “पुढच्या कडेला हे बारीक ओरखडे तुम्ही मुद्दाम घालता का? छान दिसतात.”

मी यंत्र तपासायचं ठरवलं. काकांचा मूळ कीबोर्ड काढून त्याच्या बटणांचा जोर पुन्हा मोजला. प्रत्येक बटण पहिल्यापेक्षा कडक भरलं. स्प्रिंग वापराने सैल पडते, कपाटात बसून कडक होत नाही. म्हणजे यंत्रच बिघडलेलं, असं म्हणून मी ते दुरुस्तीला दिलं आणि मूळ कीबोर्ड नीट पॅक करून कपाटात ठेवला. त्याच्याकडे निरखून बघायचं तेव्हा मला सुचलं नाही.

वहिनीत फरक पडत गेला तो इतका हळू की दादाच्या लक्षात येईना. पूर्वी काम संपलं की ती टेबलाकडे पाठ फिरवायची. आता उठली की चहाच्या आधी तिथे. मी एकदा गेले तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून भराभर टाइप करत होती. हेडफोन गळ्यात होते. स्क्रीन काळी होती.

“वहिनी, मशीन बंद आहे.”

“हो ना,” ती म्हणाली. बोटं थांबली नाहीत. “थांबलं की मागे पडायला होतं.”

“कशात मागे?”

तिने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न परक्या भाषेत विचारल्यासारखा तिचा चेहरा होता. मग हसली, हात मांडीवर घेतले, “सवय लागलीय मेली,” म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी कीबोर्डचे फोटो काढले. मापाची माणसं आम्ही. डोळ्यांपेक्षा फोटोवर विश्वास.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी ते फोटो आणि काका आले त्या दिवशीचे फोटो शेजारी शेजारी लावले. पुसलेली अक्षरं तीच. खळग्याची कड तीच. ओरखडे एकावर एक ठेवून पाहिले. वहिनीच्या मनगटावर घड्याळ कधीच नसतं. तरी प्रत्येक ओरखडा दुसऱ्याच्या अंगावर बसला.

फरक एवढाच होता. वहिनीच्या कीबोर्डला वरच्या उजव्या कोपऱ्यात चीर नव्हती.

मी दादाला हाक मारली. त्याने दोन्ही फोटो पाहिले. “म्हणजे साचाच तसा गेलाय,” तो म्हणाला. “तू झीज पुसलीच नसशील.”

“दादा, पहिल्या दिवशी वहिनीचा कोरा होता. तूच दिलास ना तिला?”

त्याने फोन उचलून घरी लावला. बराच वेळ घंटा वाजत राहिली. मी चप्पल अडकवून निघाले. तो दुकान बंद करून मागून येणार होता.

दार उघडंच होतं. जिन्यातच आवाज ऐकू आला. आमच्या नकलांचा आवाज वरच्या पट्टीत लागतो हे सांगितलंच. हा खालच्या पट्टीत होता.

वहिनी ताठ बसली होती. बोटं चालू होती. स्पेसवर डावा अंगठा पडत होता.

“वहिनी.”

खटखट चालूच.

“वहिनी, थांब!”

“एवढं होऊ दे,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता. नंतर मी पुष्कळ आठवून पाहिलं. तिचाच होता.

मी तिच्या हातांखालून कीबोर्ड ओढला. केबल तुटली. क्षणभर तिची बोटं हवेत तशीच चालत राहिली.

मग ती पुढे कलली.

तिला धरायला मी हातातलं सोडून दिलं. कीबोर्ड कोपऱ्यावर पडला. तडकल्याचा आवाज मी ऐकला, पण तेव्हा ती माझ्या हातांत होती.

मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. आधीपासून दुबळी असलेली नस, कधीही फुटू शकली असती. वेळेवर आणलंत म्हणून वाचल्या. मी मान हलवली. मला पटलंही. वहिनी डोळे उघडायची, बघायची, बोलायची नाही. दादा तिच्या उशाशी बसून राहायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याने मान वर न करता मला म्हटलं, “सगळे परत मागव.”

मी दुकानात जाऊन फोन लावायला घेतले. पहिला फोन गिऱ्हाइकाच्या मुलाने उचलला.

“बरं झालं तुम्हीच केलात,” तो म्हणाला. “कोपरा तडकलाय. वॉरंटीत बसतं का?”

“बाबांना देता का जरा?”

“बाबा गेले,” तो म्हणाला. “तुम्हाला कळलं असेल असं वाटलं.”

दुसरा फोन एका भाषांतरकार बाईंच्या नवऱ्याने घेतला. तो दवाखान्याच्या व्हरांड्यातून बोलत होता. त्याला मी कोपऱ्याबद्दल विचारलं नाही.

तिसरा स्वतः गिऱ्हाइकाने उचलला. मला हुंदकाच आला. हसतमुख माणूस, दादाचा जुना ओळखीचा. “बोला ताई! एक मिनिट हं, एवढं होऊ दे.” त्याने फोन बाजूला ठेवला. मला टाइप केल्याचा आवाज येऊ लागला.

मी ओरडले. घरात आणखी कोणी आहे का, कोणीतरी या, त्यांना उठवा. शेजारचा दुकानदार माझा आवाज ऐकून दारात आला.

खटखट थांबली.

मग काहीतरी जड पडलं, आणि त्याच्या मागोमाग काहीतरी त्याहून हलकं.

मी फोन कानाशी धरून बसून राहिले. पलीकडे कुणीतरी पळत आलं, एका बाईने त्यांना नावाने हाक मारली, पुन्हा मारली. मी फोन ठेवला. त्या दिवशी मी आणखी कुणाला फोन लावू शकले नाही. नंतर लावायची गरज उरली नाही. फोन लोकच करत होते, आणि करणाऱ्यांत कीबोर्ड विकत घेतलेलं एकही माणूस नव्हतं.

त्यानंतर आठवडाभराने मी कपाट उघडलं. मूळ कीबोर्ड नाहीसा करायचा, एवढंच डोक्यात होतं. पॅकिंग फाडलं आणि पहिल्यांदा वाटलं, चुकून नक्कल हाती लागली. अक्षरं ठसठशीत होती. स्पेसबार सपाट होता. कडेवर एक ओरखडा नव्हता, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यावर मी नख फिरवलं तर ते कुठेच अडकलं नाही. मी तो उलटा केला. खाली जुने बोल्ट होते, जुन्या कारखान्याचा पिवळा पडलेला शिक्का होता. दोन्ही हातांनी उचलावा लागत होता.

तो टेबलावर तसाच असताना काका आले.

आधी मी त्यांना ओळखलंच नाही. दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री, गुंड्या जागच्या जागी. अंगाला साबणाचा वास.

“भाऊ दिसत नाहीत?” त्यांनी विचारलं.

“हॉस्पिटलमध्ये आहे. वहिनीला बरं नाही.”

“बसल्या बसल्याच?”

मी हो म्हटलं. त्यांनी मान खाली घातली, खरोखर वाईट वाटल्यासारखी. मग टेबलावरच्या कीबोर्डकडे वळले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“वा! अगदी नवा केलात की.”

“आम्ही काही केलं नाही, काका.”

“नेतो मी हा. मागे म्हटलं होतं ना, पुढचं पुढे बघू.”

“तुम्हाला बघवत नव्हतं,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. “आठवणीसाठी नेताय का?”

“आठवणीला कशाला?” ते जरा गोंधळून म्हणाले. “वापरायला.”

मी त्यांना अडवलं नाही. त्यांनी तो छातीशी धरला आणि सावकाश पायऱ्या उतरले. बाहेर लख्ख ऊन होतं. फुटपाथला लागून टॅक्सी उभी होती. काकांनी मागचं दार उघडलं आणि वाकायच्या आधी कीबोर्ड पुढे केला. आतून कुणीतरी तो दोन्ही हातांनी घेतला; डाव्या मनगटावर घड्याळाचा पट्टा होता.

“सरक जरा,” काका म्हणाले, आणि आत बसून त्यांनी दार लावून घेतलं.