टाचेतली वादी

अथेन्सच्या वेशीबाहेर आमची कुंभारआळी. एका अंगाला एरिदानोसचा ओढा, दुसऱ्या अंगाला थडगी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत चाकं, भट्ट्या आणि आम्ही. सकाळी चाकांची घरघर आणि थडग्यांवरच्या बायकांचं रडणं एकदमच सुरू होतं. सवयीनं दोन्ही ऐकू येईनासं होतं.

मी लिकिनोस, चितारी. स्ट्रिमोन कुंभाराकडे नऊ वर्षं भांडी रंगवतोय. ट्रॉयचं युद्ध माझ्या बोटांत बसलंय. अकिलीसची ढाल एका दमात येते. घोड्यांच्या माना त्रास देतात. अकिलीसनं मारलेला हेक्टर सगळ्यात सोपा: टाचांत वादी ओवून रथामागे बांधलेला, हात सैल, केस पसरलेले, अंगावर ओरखडा नाही. देवांनी त्याचं प्रेत नासू दिलं नाही असं गाणारे सांगतात, आणि आम्हाला ते सोयीचं पडतं. गिऱ्हाइकाला देखणा मुडदा लागतो. असा हेक्टर मी अकरा वेळा काढला होता आणि दर वेळी मान तिरकी करून त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं होतं. आता ते आठवलं की तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

मी मूळचा खाल्किसचा, सामुद्रधुनीपलीकडचा. दोन वर्षांपूर्वी अथेन्सनं खाल्किस जिंकलं. त्या लढाईत माझा धाकटा भाऊ दोर्किस गेला. गेला असं आपलं म्हणायचं. प्रेत मिळालं नाही. मातीआड न झालेला माणूस पैलतीराच्या वेशीशी ताटकळत राहतो, त्याला कुणी आत घेत नाही. आमच्याकडे मेल्या लेकराचे पाय आई धुते आणि धुताना गाते:

पाय दे रे बाळा, धुते कोमट पाण्यात

माझी आई इतकंच म्हणाली आणि थांबली. धुवायला पाय कुठे होते? दुसरी ओळ तिच्या गळ्यात तशीच अडकून राहिली. खाल्किसहून कुणी आलं की तिचा निरोप एकच असायचा, “लिकिनोसला सांगा, त्याला शोध म्हणावं.” आणि मी शत्रूच्या गावात बसून त्यांचे दारूचे प्याले रंगवत होतो.

वसंतात क्लेनिप्पोस आला. बडं घराणं, घोडदळातला. घोड्यावरून उतरलाच नाही.

“ए चिताऱ्या! प्याला हवाय. आत तळाशी अकिलीस हेक्टरला फरफटवतोय असं काढ. दारू संपत आली की दिसला पाहिजे.”

“दिसेल, मालक.”

“आणि मुडदा कसा गोमटा हवा हां. पंगतीत लोकांना घास उतरला पाहिजे.” तो स्वतःच हसला. मग डोळे बारीक केले. “कुठला रे तू? बोलणं जरा निराळं वाटतंय.”

“इथलाच आहे तो,” स्ट्रिमोन घाईनं म्हणाला. “दाढा पडल्यात बिचाऱ्याच्या.”

माझ्या सगळ्या दाढा शाबूत होत्या.

आमचा रंग म्हणजे गाळलेली माती, पाण्यात निवळलेली. भांड्यावर लावला की मातीवर माती, जेमतेम दिसतो. भट्टीत धूर कोंडला की तो काळा होतो, आणि न रंगवलेली अंगं तांबडी राहतात. म्हणजे आम्ही जवळजवळ आंधळ्यासारखे रंगवतो. काय काढलं ते भट्टी उघडल्यावर कळतं.

पहिला प्याला निघाला तेव्हा अकिलीस ठीक होता. हेक्टरच्या मांड्यांवर आणि कुशीवर काळसर डाग होते, कडेला हिरवट. पोटापाशी माती फुगून आली होती.

“धूर लागलाय,” स्ट्रिमोन म्हणाला. “आणि पोटात हवा राहिली असणार. नीट मळली नाही माती.”

मलाही तसंच वाटलं. भट्टीत असं होतंच. मी फुगवट्यावर बोट ठेवलं. भाजलेली माती कडक असते. ही किंचित दबली. बोट धुतलं, राखेनं घासलं, पुन्हा धुतलं; तरी दिवसभर त्याला तुपकट काहीतरी चिकटून राहिलं होतं. भाकरी दुसऱ्या हातानं खाल्ली. प्याल्यावर एक माशी बसली होती. हाकलली तर उठली, आणि हेक्टरच्या तोंडावरच येऊन बसली.

तो प्याला आम्ही फोडला. फुटताना जो वास आला, त्यावर स्ट्रिमोननं पायानं राख लोटली.

दुसऱ्या खेपेला मी दोन प्याले रंगवले. एक सुकताना तडकला. असा वाया गेलेला माल आम्ही टाकत नाही. त्याचे तुकडे कापतो, प्रत्येकाला भोक पाडतो आणि भट्टीच्या झरोक्यापाशी मांडतो. रंग कुठवर आला ते पाहायला आकडी घालून एकेक तुकडा बाहेर ओढायचा. मी भराभर कापले, भराभर भोकं पाडली. कुठला तुकडा चित्रातला कुठला भाग आहे ते कोण बघतो?

दुपार कलली होती. झरोका लालभडक झाला होता. मी आकडी आत घातली, चाचपडत भोकात अडकवली आणि ओढली.

तुकडा जड लागला.

पुन्हा ओढला. काहीतरी घासत, फरफटत आलं.

राखेत पडलेल्या तुकड्यावर एक पाऊल होतं. माझी आकडी टाचेतून आरपार गेली होती.

मी काढलेली पावलं सरळ असतात, पाची बोटं ओळीनं. या पावलाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. दोर्किस सात वर्षांचा असताना त्याच्या पायावर जात्याची तळी पडली होती. बोट मोडलं ते वाकडंच जुळलं.

मी ओढ्यापर्यंत पोचलो नाही. वाटेतच ओकलो.

भट्टी निवल्यावर अख्खा प्याला काढला. हेक्टर आता पालथा होता, चेहरा मातीत. डागांनी सगळं अंग खाल्लं होतं. आणि मागे, जिथे मी नुसता काळा रंग भरला होता, तिथे एक रानअंजीर आणि कठडा ढासळलेली विहीर.

“हे कधी काढलंस?” स्ट्रिमोननं विचारलं.

“मी नाही काढलं.”

“मग काय माझ्या सासूनं काढलं?” पण हसू त्याच्या ओठांपर्यंत आलं नाही. “फोडून टाक. दुसरा कर.”

तेवढ्यात क्लेनिप्पोस आला, आणि प्याला त्याच्या हातात गेलाही. गळत नाही हे दाखवायला नवा प्याला गिऱ्हाइकासमोर भरायचा, अशी आमची रीत. स्ट्रिमोननं दारू ओतली. क्लेनिप्पोस पीत गेला. दारू उतरत गेली तशी आधी विहीर उघडी पडली, मग झाड, मग टाचा. त्यानं जीभ फिरवून ओठ चाटले.

“हे झाड...” तो थबकला.

“चुकलं का, मालक?”

“चुकलं? अरे, हुबेहूब! कुणी सांगितलं तुला? आम्ही पाचच जण होतो त्या वेळी.” मग छाती फुगली त्याची. “खाल्किसच्या कुरणांपलीकडे. एक पोरगा सापडला, मेलेला होता की धुगधुगी होती, आठवत नाही आता. टाचांना भोकं पाडली, वादी ओवली. रोज एक फेरी, तीन दिवस. अगदी अकिलीस! तुमच्याच भट्टीचा एक कलश होता माझ्याकडे, त्यावरच्या चित्रावरूनच सुचलं.”

तो कलश मीच रंगवला होता. त्या हेक्टरचे केस मला फार छान जमले होते.

“फक्त एक गोष्ट तुम्ही लोक चित्रात दाखवत नाही,” तो म्हणाला. “काय घाण सुटते रे! तिसऱ्या दिवशी घोडे बिथरले. मग दिला विहिरीत टाकून.”

“पाणी असेल विहिरीला?” माझा आवाज मला परका वाटला.

“कोरडी ठणठणीत. का रे?”

“सहज. चित्रासाठी.”

तो प्याला घेऊन गेला. मी त्याच दिवशी निघालो.

तिसऱ्या दिवशी होडीनं खाल्किसला उतरलो. आई काही न विचारता माझ्याबरोबर कुरणं तुडवत आली. अंजीर होतं. कठडा ढासळलेला होता. मी दोर बांधून खाली उतरलो आणि दगडांखालून हाडं काढली, एकेक करून टोपलीत वर पाठवली. घोट्यांमागे कडक झालेल्या वादीचा वेढा होता. तो मी खालीच तोडला, आईला दिसू दिला नाही. वाकडं जुळलेलं बोट तिनं स्वतःच ओळखलं.

तिनं पाणी कोमट केलं. हाडं मांडीवर घेऊन धुतली.

पाय दे रे बाळा, धुते कोमट पाण्यात
लांबून आलास, बस आईच्या अंगणात

दुसरी ओळ म्हणताना तिचा आवाज जराही कापला नाही. आम्ही तीन मुठी माती टाकली.

अथेन्सला परतलो तेव्हा स्ट्रिमोन दारातच उभा होता. क्लेनिप्पोसचा नोकर प्याला परत घेऊन आला होता.

“चित्र उडालंय म्हणतात,” नोकर म्हणाला. “मालक स्वतः येणार होते. पण उभं राहवत नाही त्यांना. टाचा सडल्यात दोन्ही.”

त्यानं प्याला ठेवला आणि गेला. मी प्याला नाकाशी नेला. कसलाही वास नव्हता. वास नोकर उभा होता तिथे रेंगाळत होता.

मी प्याला उजेडात धरला. विहीर नव्हती, झाड नव्हतं. हेक्टर होता तिथे स्वच्छ काळा रंग. रथ मात्र धावत होता, आणि मागची वादी सैल पडलेली नव्हती.

ती ताणलेली होती. चित्राचं वर्तुळ ओलांडून वर चढत गेली होती, पार काठापर्यंत, पिणाऱ्याचे ओठ टेकतात तिथवर.