अवेगाच्या रानातली चोरी

"सार्जंटबाई, पळा! रानात घात झालाय!"

काफुईने चुलीवरची मक्याची पेज तशीच सोडली. पोलिसांत अठ्ठावीस वर्षं काढून ती अवेगाला, आपल्या गावी परतली होती. निवृत्त झाली तरी गावाच्या लेखी ती सार्जंटच होती.

रानाच्या तोंडाशी, मोठ्या उंबराखाली, माणसं गोळा झाली होती. मधोमध एक माकडीण उठू पाहत होती, झोकांड्या खात होती, पुन्हा कोसळत होती. तिच्या पोटाला सदा बिलगलेलं पंधरा दिवसांचं पिल्लू नव्हतं.

अवेगात माकडावर कुणी खडाही उगारत नाही. मेलं तर माणसासारखं पुरतात. ही माकडं बघायला तर लांबलांबून पाहुणे येतात.

काफुईने पालापाचोळ्यातून अर्धं केळं उचललं. आत पांढरी भुकटी होती.

"झोपेची गोळी. कुणीतरी हातानं भरवलीय."

गावचे मुखिया तोग्बे आहियाबू काठी टेकत पुढे आले. "दुपारपर्यंत पिल्लू आलं नाही तर रान पाहुण्यांना बंद. कायमचं."

अर्ध्या गावाची चूल पाहुण्यांवर पेटत होती. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

"चोर त्या पाहुण्यांचा ड्रायव्हरच!" मागून कुणीतरी ओरडलं. "गाडी त्याच्या ताब्यात!"

गर्दी पाहुणघराकडे उसळली. काफुई धापा टाकत मागोमाग गेली.

मिनीबस निघायच्या बेतात होती. ड्रायव्हर सेनानूला चौघांनी बॉनेटवर दाबून धरलं होतं. त्याचा सदरा फाटला होता. आत मरायके आणि तिचा नवरा, हॉलंडचे पाहुणे, एकमेकांचे हात घट्ट धरून बसले होते. सगळ्यात मागच्या सीटवर त्यांचा वाटाड्या डोत्से नाकाला रुमाल लावून शिंकत होता.

"सोडा त्याला," काफुई म्हणाली. "गाडी बघितली?"

"सीटखाली बघितलं, टपावर बघितलं. नाहीये. रात्रीच पुढं धाडलं असणार त्यानं!"

काफुई गाडीत चढली. हरमट्टानचा, वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा सुटला होता, सगळीकडे लाल धूळ. पण गाडीतल्या सीटा पुसून लख्ख होत्या. फक्त मागच्या सीटवर, डोत्सेच्या शेजारी, धुळीचा जाड थर होता आणि तिथली खिडकी चार बोटं उघडी होती. खाली तीन ढोल ठेवले होते. पाहुण्यांनी आणि डोत्सेने ते कालच गावात विकत घेतले होते. डोत्सेच्या ढोलाला रंगीत कापड घट्ट गुंडाळलेलं होतं.

ती खाली उतरली. "सेनानूभाऊ, गाडी कधी पुसलीस?"

"काल, अंधार पडायच्या आधी. खिडक्या लावल्या, किल्ली ओसरीतल्या खिळ्याला अडकवली."

"सगळ्या खिडक्या?"

सेनानू दुखावल्यासारखा बघत राहिला. "बाई, या वाऱ्यात मी खिडकी उघडी टाकीन?"

"चपला झटकल्याशिवाय आम्हाला पायरीवरसुद्धा चढू देत नाही तो," मरायके आतून म्हणाली.

"सामान कोण चढवतं?"

"मीच. डोत्सेभाऊंचा ढोल मात्र आज सकाळी आधीच गाडीत होता. त्यांनी मला मागं फिरकूही दिलं नाही."

डोत्से घाईने उतरला. "सार्जंट, विणकरांच्या गावी आमची वाट बघतायत. ह्याला ठेवा इथं. गाडी मी हाकतो."

"काल धबधब्यावरून येताना कुठं बसला होतात?"

"पुढं. धुळीचा त्रास होतो मला."

"आज मागं का?"

डोत्से शिंकला.

"बरं, तुमचा ढोल वाजवून दाखवा."

"ही काय वेळ आहे का, बाई?"

काफुईने तिन्ही ढोल उतरवून घेतले. पहिल्यावर थाप मारली, घुमला. दुसराही घुमला. तिसऱ्यावर मात्र तिने हलकेच बोट आपटलं. ठप्प.

डोत्से मागे सरकला. तिथे सेनानू उभा होता.

तिने कापड सोडलं, ढोलाच्या खालच्या उघड्या तोंडात हात घातला. चिंध्यांच्या गुंडाळीत मुठीएवढं पिल्लू होतं. डोळे मिटलेले. तिने ते कानाशी धरलं.

"जिवंत आहे," ती म्हणाली.

पिल्लू सेनानूच्या ओंजळीत देऊन ती गर्दीकडे वळली. "ह्याच्या सदऱ्याला हात घालण्याआधी ती खिडकी बघायची होती. ह्या वाऱ्यात खिडकी उघडी कोण ठेवतं? आत श्वास घेणारं काहीतरी असेल तोच. रात्रभर उघडी होती, म्हणून तेवढ्याच सीटवर धूळ. सेनानूनं चोरी केली असती तरी पहाटे ती सीट पुसली असती. ती सवय त्याला सुटायची नाही. किल्ली ओसरीत, म्हणजे पाहुणघरात झोपलेल्या कुणालाही मिळणारी. आणि ज्याला धूळ सोसत नाही तोच उघड्या खिडकीपाशी जाऊन बसला, ढोलाला पाय लावून. काल पाहुण्यांसमोर माकडांना केळी भरवायचं कामही डोत्सेचंच."

डोत्सेने रुमाल खाली घेतला. "राजधानीत एकाला पाळायला हवं होतं."

"बारा वर्षं ह्या माकडांची गोष्ट तूच सांगत आलास ना रे?" तोग्बे म्हणाले. "पूर्वजांनी ह्यांना जपायचा शब्द कसा दिला ती?"

"दर आठवड्याला सांगतो, तोग्बे. सांगून सांगून मलाच ती खरी वाटेनाशी झाली."

दोघांनी त्याला तालुक्याच्या चौकीकडे नेलं.

सेनानू पिल्लू घेऊन उंबराखाली गेला. गाव लांब थांबलं. माकडीण आता जरा सावरली होती. तिने पिल्लू हुंगलं आणि तोंड फिरवलं. माणसाचा वास लागला होता. सेनानूने ते पाल्यावर ठेवलं, दहा पावलं मागे आला आणि मातीत बसला. ऊन वर चढत गेलं. पिल्लू एकदा बारीक चिरकलं.

माकडिणीने झेप घेऊन ते छातीशी ओढलं आणि फांदीवर चढली.

तोग्बे सेनानूपाशी गेले, भर गावासमोर त्याच्यापुढे वाकले आणि त्याला उठवायला हात पुढे केला.